झोपेत दात खाणं आणि सकाळी ठणकणारा जबडा : तुम्ही काय केलंत?

मृद्गंध (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी कांदेपोहे खाताना दाताखाली कचकन काहीतरी आलं. शेंगदाण्यातला खडा असेल म्हणून काढून बशीच्या कडेला ठेवला. चूळ भरताना जीभ उजवीकडच्या खालच्या दाढेवर गेली आणि तिथे धारदार कडा लागली. बशीतला तो खडा माझ्याच दाढेचा कोपरा होता.

वय 43, नाशिकला एका बँकेत कर्ज विभागात काम करते. गेलं दीड-दोन वर्षं सकाळी उठले की कानाच्या पुढे दोन्ही बाजूंना जबडा अवघडलेला असतो. कानशिलं जड. घास चावताना उजवीकडे टक् असा आवाज येतो. कान दुखतो म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी कान स्वच्छ आहे म्हणून परत पाठवलं. नवरा म्हणत होता, "तू रात्री दात खातेस." मला पटत नव्हतं. मग मुलीने एका रात्री मोबाइलवर आवाज टिपून ऐकवला. अडकित्त्याने सुपारी कातरावी तसा आवाज. ऐकून अंगावर काटा आला.

दोन दंतवैद्यांना दाखवलं. एक म्हणाले, वरचे-खालचे दात नीट मिळत नाहीत, चार दाढा घासून त्यांवर कॅप बसवू, म्हणजे सवय जाईल. दुसऱ्या म्हणाल्या, तुटलेल्या दाढेपुरती कॅप करा आणि रात्री नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायची पट्टी लावा, बाकी दातांना हात लावायची गरज नाही. दोघांच्या खर्चात खूप फरक आहे, पण पैशांपेक्षा भीती ही की एकदा घासलेला दात परत येत नाही.

ज्यांनी हे भोगलंय त्यांनी काय केलं, गार्डने दुखणं थांबलं का, दिवसा काय करायचं, सगळं लिहा. मी प्रत्येक प्रतिसाद वाचणार आहे.

पिंपळपान

ताई, जंताचं औषध घेतलंत का? आमच्या घरात कुणी झोपेत दात खाल्ले की आजी दुसऱ्या दिवशी वावडिंगाचा काढा हातात द्यायची. एवढा कडू की पुन्हा दात खायची हिंमत होत नसे :)

रानजाई

जंतांबद्दल मलाही विचारायचंय. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, रोज रात्री करकर दात खातो. सासूबाईंचं म्हणणं जंतच. फेब्रुवारीत शाळेत जंतनाशक गोळी दिली, त्याआधी घरीही एकदा दिली होती. आवाजात तसूभर फरक नाही. झोपताना तोंड उघडं असतं आणि थोडा घोरतोही. त्याच्या पुढच्या दुधाच्या दातांच्या कडा अगदी सपाट झाल्यात.

सह्यकडा

वाचतोय. माझंही सेम, फक्त डावीकडे.

कवडसा

मी सांगलीत दंतवैद्य म्हणून काम करते. तोंड न बघता कुणाचंही निदान करणार नाही, पण गैरसमज बरेच आहेत म्हणून सविस्तर लिहिते.

आपण ज्याला दात खाणं म्हणतो त्याला आमच्याकडे ब्रुक्सिझम म्हणतात. तो दोन तऱ्हांचा. एक झोपेतला. झोप मधूनच क्षणभर हलकी होते, माणसाला कळतही नाही, पण त्या वेळी जबड्याचे स्नायू लयीत आखडतात आणि दात एकमेकांवर घासतात. मोठ्या माणसांत शंभरातल्या साधारण आठ-दहा जणांना हे असतं, मुलांत जास्त, म्हातारपणी कमी. दुसरा जागेपणीचा. यात आवाज नसतो. माणूस कामात गढलेला असताना दातावर दात आवळून बसतो. जबडा दुखण्यात या दुसऱ्याचा वाटा मोठा असतो आणि त्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

मृद्गंधताई, गालाच्या मागच्या कोपऱ्यावर, कानाच्या थोडं खाली बोटं ठेवा आणि दात आवळा. जो गोळा टरारून वर येतो तो चावण्याचा मुख्य स्नायू, मॅसेटर. आता बोटं कानशिलावर ठेवून तेच करा, तिथेही हालचाल लागेल. सकाळी डोकं जड वाटतं ते बहुतेक वेळा या कानशिलाच्या स्नायूमुळे. आणि जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढे असल्याने दुखणं कानात आहे असं वाटतं. तुम्ही आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेलात यात काहीच वावगं नाही, माझे निम्मे रुग्ण तिकडूनच येतात.

टक् आवाजाचं : सांध्यात एक छोटी चकती असते, ती जरा पुढे सरकली की तोंड उघडताना तसा आवाज होतो. नुसता आवाज असेल, दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल तर त्यावर काही उपचार लागत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. दात घासून 'बाइट', म्हणजे वरचे-खालचे दात मिळण्याची ठेवण, जुळवली की दात खाणं थांबतं, असं पूर्वी शिकवलं जायचं. आज त्याला आधार नाही. झोपेत दात खायला लावणारा हुकूम मेंदूतून येतो, दातांतून नाही. ज्या उपचारातून मागे फिरता येत नाही तो या दुखण्यात सगळ्यात शेवटी, खरं तर टाळायचाच. तुमची भीती रास्त आहे.

@पिंपळपान, @रानजाई : जंत असतील तर औषध जरूर द्यावं, मुलांना वर्षातून दोनदा शाळेत गोळी देतात ती त्यासाठीच. पण दात खाण्याचा आणि जंतांचा संबंध सिद्ध झालेला नाही. मुलांचं दात खाणं बहुतेक वेळा मोठं होता होता आपोआप थांबतं. तुमचा मुलगा तोंड उघडं ठेवून घोरतो हे मात्र मला महत्त्वाचं वाटतं. त्याचे टॉन्सिल्स आणि नाकामागचे ॲडेनॉइड्स तपासून घ्या.

शब्दवेडा

कवडसा, फार छान समजावलंत. थोडं अवांतर लिहितो. मराठीत या सवयीला वेगळं नावच नाही, रागाचं आणि झोपेचं 'दात खाणं' एकच. चिडला की माणूस दातओठ खातो, घाबरला की दातखीळ बसते, पुन्हापुन्हा विनवण्या करून दाताच्या कण्या होतात. भाषेने जबड्यातला ताण कधीच ओळखला होता. माझी आई तर शाळेत निकाल लागायच्या दिवशी सांगायची, "दात सोड आधी, मग बोल."

कवडसा

तुमच्या आईंचं वाक्य मी दवाखान्यात लावणार आहे! एक गंभीर पुस्ती : खरोखरची दातखीळ, म्हणजे जखम झाल्यावर काही दिवसांनी जबडा आखडून तोंड उघडेनासं होणं, हे धनुर्वाताचं लक्षण असू शकतं. तिथे थेट मोठं रुग्णालय गाठायचं.

हिंजवडीकर

दिवसाच्या आवळण्याबद्दल माझा अनुभव सांगतो, कारण मला फायदा तिथेच झाला.

फिजिओथेरपिस्टने मला एकच प्रश्न विचारला : "आत्ता तुमचे दात कुठे आहेत?" मी खुर्चीत निवांत बसलो होतो असं मला वाटत होतं, आणि दात एकमेकांवर घट्ट होते. तोवर मला वाटायचं, तोंड मिटलं की दात मिळणारच. त्यांनी सांगितलं, नाही. ओठ मिटलेले, दात सुटे, मध्ये दोन ते चार मिलिमीटर फट, आणि जीभ वर टाळूला हलकी टेकलेली, ही जबड्याची विश्रांतीची जागा. चोवीस तासांत वरचे-खालचे दात फक्त चावताना आणि गिळताना लागायला हवेत, सगळं मिळून अर्धा तासही नाही. मी आठ तासांच्या कामात सहा तास आवळून बसत होतो.

मग बायकोच्या टिकल्यांचं पाकीट घेतलं. एक लाल टिकली लॅपटॉपच्या कोपऱ्यात, एक मोबाइलच्या मागे, एक गाडीच्या स्टीअरिंगवर, एक पाण्याच्या फिल्टरवर. टिकली दिसली की दात कुठे आहेत ते बघायचं, आवळलेले असतील तर सोडायचे, खांदे खाली टाकायचे, एक लांब श्वास. बस. पहिल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक टिकलीला दात आवळलेलेच सापडले. तिसऱ्या आठवड्यापासून दिसायच्या आधीच सुटायला लागले. संध्याकाळचं डोकं दुखणं दीड महिन्यात निम्म्यावर आलं.

सायली_के

टिकलीची कल्पना काय सुंदर आहे! आज बघितलं, मी कणीक मळताना इतके दात आवळते की हनुवटी दुखते. कणीक मळायला दातांचा काय उपयोग!

ताना_रिरी

मी गाणं शिकवते. 'न' म्हणून बघा, जीभ वरच्या दातांच्या मागे जिथे टेकते तिथेच ठेवा आणि ओठ अलगद मिटा. दात आपोआप सुटतात. 'न' म्हणताना दात सहसा आवळले जात नाहीत. माझ्या विद्यार्थ्यांचा जबडा कडक झाला की आवाज पातळ येतो, म्हणून रियाजाच्या आधी आम्ही पाच मिनिटं हेच करतो.

मांडवीतीर

मृद्गंध, तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही.

मी गोव्यात राहते. सहा वर्षांपूर्वी माझा जबडा असाच दुखायचा. मला एका ठिकाणी सांगितलं की बाइट उंच आहे. निळा कागद चावायला लावायचे, जिथे निळा ठिपका उमटेल तिथे घासायचे. पहिल्या वेळी बरं वाटलं. आठ दिवसांनी पुन्हा दुखलं, पुन्हा घासलं. असं पाच वेळा. शेवटी दातांना गार पाणी सहन होईना आणि दात कुठे मिळवायचे तेच जबड्याला कळेनासं झालं. दिवसभर माझं लक्ष त्या दातांवर. झोप उडाली, दुखणं दुप्पट.

नंतर बांबोळीच्या दंत महाविद्यालयात गेले. तिथे पहिल्यांदा कुणीतरी दातांऐवजी स्नायू दाबून बघितले. मऊ खाणं, दिवसातून तीनदा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, जीभ टाळूला टेकवून तोंड हळू उघडायचा-मिटायचा व्यायाम. सांगणारी मुलगी शिकाऊ होती, पण तिने आरसा हातात देऊन जबडा सरळ रेषेत खाली येतोय की एका बाजूला वळतोय ते मला दाखवलं. माझा वळत होता. रोज आरशासमोर दहा वेळा सरळ उघडायला शिकले. चार महिने लागले, पण आज मी काजूगर सोडून सगळं खाते. घासलेले दात मात्र तसेच आहेत, आंबट लागलं की कळ येते.

कृपा करून दाढा घासू नका.

मृद्गंध

मांडवीतीर, तुमचं वाचून डोळे भरून आले. पहिल्या दवाखान्यातली पुढची वेळ आत्ता फोन करून रद्द केली.

हिंजवडीकर, टिकल्या लावल्या. बँकेत मॉनिटरला लावलेली बघून शिपाईकाकांनी विचारलं, "मॅडम, नजर लागू नये म्हणून का?" त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाले, "माझेही आवळलेलेच आहेत हो."

नेकारकाठ

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. इथे हे दुखणं इतकं सर्वसाधारण आहे की गार्डला रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, 'क्निर्शरशीने', म्हणजे दात खाणाऱ्याची पट्टी. सरकारी आरोग्यविमा त्याचा खर्च देतो. माझ्याकडे कडक ॲक्रिलिकची आहे, वरच्या दातांवर बसणारी.

मला तरी गार्डने दुखणं खूपच कमी झालं, त्यामुळे नुसत्या टिकल्या पुरतील या म्हणण्याशी मी सहमत नाही. पहिले चार दिवस लाळ सुटायची, दोनदा झोपेत काढून फेकली, एकदा उशीखाली सापडली. दुसऱ्या आठवड्यापासून सवय झाली. दोन वर्षांत तिच्यावर डाव्या बाजूला खोल चरे पडलेत. ते चरे माझ्या दातांवर पडले असते.

हिंजवडीकर

@नेकारकाठ, टिकल्या पुरतील असं मी म्हटलं नाही :) माझ्याकडेही गार्ड आहे. औषधाच्या दुकानातलं, गरम पाण्यात मऊ करून चावायचं असतं तसलं आधी घेतलं होतं. ते मऊ असल्याने मी रात्रभर च्युइंग गमसारखं चघळत बसलो आणि सकाळी जबडा जास्त दुखला.

कवडसा

दोघांचंही खरं आहे, फक्त गार्डचं काम काय ते नीट सांगते.

गार्ड दातांचं रक्षण करतं. हेल्मेट अपघात थांबवत नाही, डोकं वाचवतं, तसं. त्याने दात खाणं थांबेलच असं नाही. झोपेतल्या दात खाण्यावर गार्डचा उपयोग होतो का याचा 2007 मध्ये कॉक्रेनच्या (वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणारी संस्था) आढाव्यात अभ्यास झाला, तेव्हा ठाम 'हो' म्हणण्याइतका पुरावा मिळाला नव्हता. 2023 च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जुनाट जबडेदुखीसाठी, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त चाललेल्या दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांत जोरदार शिफारस आहे ती देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम, हाताने स्नायू मोकळे करणं, मान-पाठीची ठेवण सुधारणं आणि विचार-वर्तनाची समुपदेशन पद्धत यांची. दुखण्यासाठी म्हणून गार्ड देण्याच्या बाजूने ते नाहीत, आणि न उलटवता येणाऱ्या उपचारांना त्यांचा स्पष्ट विरोध आहे.

तरीही मृद्गंधताईंची दाढ तुटली आहे, म्हणजे दात वाचवायला गार्ड हवंच. व्यायाम आणि टिकल्या दुखण्यासाठी, गार्ड दातांसाठी. दोन्ही करा.

गार्ड करताना दातांचा पूर्ण संच झाकणारं करा. फक्त पुढच्या किंवा फक्त मागच्या दातांवरचं गार्ड महिनोन्महिने लावलं तर बाकीचे दात जागा सोडतात. बसवताना डॉक्टर निळ्या कागदाने तपासतात आणि घासतात ते गार्ड, दात नव्हे. ब्रशने गार पाण्यात धुवा. गरम पाण्याने ते वाकतं आणि टूथपेस्टने चरे पडतात.

अनामिक_वाचक

नेहमीचा आयडी वापरत नाही. नैराश्यासाठी मी दीड वर्षापूर्वी गोळ्या सुरू केल्या, एसएसआरआय प्रकारच्या. तीन आठवड्यांत जबडा आवळायला लागला. मला वाटलं, ताणामुळेच. दंतवैद्यांनी विचारलं, नवीन औषध काही सुरू झालंय का? तोवर मला हे माहीतच नव्हतं की या गोळ्यांनी काहींना असं होतं.

मी घाबरून मनानेच गोळी बंद केली आणि ते आठ दिवस फार वाईट गेले. चक्कर, रडू, झोप नाही. कुणीही असं करू नका. मानसोपचारतज्ज्ञांना सांगितल्यावर त्यांनी डोस कमी केला आणि वेळ बदलली. आता दात आवळणं अगदी किरकोळ उरलंय आणि मनही ठीक आहे. सांगायला लाज वाटण्यासारखं यात काही नाही.

कवडसा

तुम्ही लिहिलंत, फार बरं झालं. मुलांच्या एकाग्रतेसाठीच्या काही औषधांनीही हे होतं. जास्त चहा-कॉफी, सिगारेट आणि दारू यांनीही झोपेतलं दात खाणं वाढतं. संध्याकाळी पाचनंतरचा चहा सोडून बघा, एवढं मी प्रत्येकाला सांगते.

कोकणकन्या

संध्याकाळचा चहा?! कवडसाताई, एवढं एक सोडून काहीही सांगा.

वैदर्भी

घोरण्याचा मुद्दा वर आलाय म्हणून. माझे मिस्टर दात खायचे आणि प्रचंड घोरायचे. मधेच घोरणं थांबायचं, शांतता, मग एकदम धडपडून श्वास घ्यायचे. मी ती शांतता मोजत जागी राहायचे. गार्ड केलं, दोन महिन्यांत त्याला चीर गेली. शेवटी नागपुरात झोपेची तपासणी केली, रात्रभर अंगाला तारा लावून. श्वास अडकण्याचा आजार निघाला, स्लीप ॲप्निया. आता मशीन लावून झोपतात. दात खाणं खूप कमी झालंय आणि दिवसा खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घेणं बंद झालंय. जोडीदार घोरत असेल आणि दातही खात असेल तर आधी हे तपासा.

मावळतीचा_सूर्य

वय 68, निवृत्त शिक्षक. सगळ्यांना काळजीने सांगतो. माझा डावा जबडा दुखायचा. मीही दातच समजलो, दाढ काढायलाही गेलो होतो. पण दुखणं फक्त जिना चढताना यायचं, थांबलो की दोन मिनिटांत जायचं. दात असा जिना मोजून दुखत नाही. दंतवैद्यांच्याच हे लक्षात आलं. त्यांनी दाढेला हात न लावता मला हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. दोन रक्तवाहिन्या अडलेल्या निघाल्या. छातीत मला एकदाही दुखलं नव्हतं.

कवडसा

सर, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा. श्रमाने येणारं, विश्रांतीने जाणारं जबड्याचं दुखणं म्हणजे आधी हृदय. घाम आणि धाप सोबत असेल तर लगेच रुग्णालय. पन्नाशीनंतर चावताना जबडा थकून दुखतो, कंगवा फिरवताना कानशिलाची त्वचा दुखते, नजर अंधूक होते, असं झालं तर तेही त्याच दिवशी दाखवायचं, डोळ्याला धोका असतो. आणि दात घासताना किंवा वाऱ्याची झुळूक लागताच गालात विजेसारखी कळ येत असेल तर तो नसेचा आजार, त्याची औषधं वेगळी.

एसटीचा_दोस्त

माझा भाऊ ड्रायव्हर. त्याला तोंड उघडायला त्रास होतो, दोनच बोटं जातात. तोही म्हणतो जबडा आखडलाय. शेक घेतोय. सुपारी आणि गुटखा दोन्ही आहे, खोटं कशाला बोलू. बंदी होऊन किती वर्षं झाली पण टपरीवर मिळतो.

कवडसा

दादा, शेक घेत थांबू नका. आपलीच तीन बोटं उभी एकावर एक तोंडात जायला हवीत. सुपारी-गुटख्याने गालाची आतली त्वचा कडक होत जाते, तिखट लागलं की आग होते, आणि तोंड हळूहळू बंद होतं. त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. या आठवड्यात जवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात न्या. ओरल मेडिसिन विभाग विचारायचा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, तिन्हीकडे शासकीय महाविद्यालय आहे. आणि पुडी आजपासून बंद. तुम्हीच त्यांना घेऊन जा, एकटे ते जाणार नाहीत.

एसटीचा_दोस्त

सोमवारी त्याची सुट्टी आहे. नेतो.

सायली_के

दुखत असताना तुम्ही सगळे खाता काय? मला भाकरी चावत नाही.

मांडवीतीर

मी पेज आणि उकडलेलं केळं. भाकरी असेल तर आमटीत कुस्करून. सफरचंद फोडी करून, कणीस दाणे सोलून. आणि पाणीपुरी बंद! एवढा मोठा आ करावा लागतो की माझा सांधा एकदा तिथेच अडकला होता.

शब्दवेडा

जांभई देताना हनुवटीखाली मूठ धरायची, म्हणजे तोंड जास्त उघडत नाही. माझ्या मामांचा जबडा जांभईने दोनदा निखळला होता, तेव्हापासून घरात सगळ्यांना ही सवय.

सह्यकडा

बोटॉक्सबद्दल कुणाला अनुभव? मला कुणीतरी सुचवलंय.

कवडसा

मॅसेटरमध्ये इंजेक्शन देतात, स्नायूचा जोर कमी होतो. असर तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा. चावण्याची ताकद कमी होणं, हसू वाकडं होणं असे त्रास काहींना होतात. मी स्वतः तो पहिला उपाय म्हणून कधी सुचवत नाही. आधी दोन महिने व्यायाम, शेक, दात सुटे ठेवणं, मऊ खाणं प्रामाणिकपणे करून बघा.

मृद्गंध

धागा वर काढतेय. नऊ आठवडे झाले, सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तुटलेल्या दाढेवर कॅप बसली, एकाच. गार्डसाठी मापं घेतली तेव्हा ट्रेमधला गुलाबी लगदा घशाकडे सरकला आणि उमासे आले. डॉक्टरांनी पायाचे अंगठे हलवायला सांगितले, लक्ष तिकडे गेलं आणि निभावलं. गार्ड कडक, खालच्या दातांवर. पहिला आठवडा बोबडी वळायची, मुलगी हसायची.

पण मला खरं शिकवलं टिकल्यांनी. सोबत वहीत लिहीत गेले, दात कधी आवळलेले सापडले ते. स्कूटरवर खड्डा चुकवताना. कांदा चिरताना. थकीत कर्जदाराला फोन लावला की तो उचलेपर्यंत. आणि सगळ्यात जास्त, रात्री नऊनंतर, आईच्या औषधांचा डबा भरताना. आईला गेल्या वर्षी अर्धांगवायू झाला. तिचा आठवड्याचा डबा मी अठ्ठावीस खणांत भरते आणि चूक होईल या भीतीने श्वासही धरते, हे वहीत आल्यावर मला कळलं. आता डबा रविवारी सकाळी भरते, नवऱ्याला सोबत बसवून. तो गोळीचं नाव वाचतो, मी खणात टाकते.

सकाळचं अवघडणं पूर्वी रोज होतं, आता आठवड्यातून एखाद्या दिवशी. टक् आवाज आहे तसाच आहे, दुखत नाही म्हणून सोडून दिलाय. मुलीने परवा पुन्हा आवाज टिपला. दात अजून खाते मी, पण गार्डवर, आवाज मऊ झालाय. तुटलेला तुकडा डबीत ठेवलाय, टाकवत नाही.

रानजाई

किती छान वाटलं वाचून. माझ्या मुलाचे ॲडेनॉइड्स वाढलेले निघाले. औषध चालू आहे, तोंड मिटून झोपायला लागलाय. दात अजून खातो, पण मी घड्याळ बघत जागी राहत नाही.

एसटीचा_दोस्त

भावाला दाखवलं. सुरुवातीचं आहे म्हणाले. पुडी सुटली आहे, तीस दिवस झाले. तोंड उघडायचे व्यायाम दिलेत, रोज मोजतो.

मृद्गंध

दादा, तीस दिवस! भावाला आम्हा सगळ्यांकडून शाबासकी सांगा.

एक शेवटचा प्रश्न. सासूबाईंसोबत यंदा चार दिवस वारीत चालणार आहे. मुक्कामाला पाण्याची खात्री नाही, तंबूत वीसजणी. गार्ड धुवायचं कसं आणि ठेवायचं कुठे?

कवडसा

सकाळी काढलं की बाटलीतल्या गार पाण्याने मऊ ब्रशने घासून घ्या, वाटीभर पाणी पुरतं. डबीला भोकं असतातच, ती पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, उन्हात नको. रुमालात गुंडाळून उशाशी मात्र ठेवू नका, वारीत रुमाल झटकला की गार्ड गेलं. आणि चालताना दात सुटे ठेवा, तोंडात नाम असलं की ते आपोआप सुटतात.